फर्निचरची मापे आधी, फर्निचर शेवटी

पत्र : आम्ही मुलुंड पूर्व येथे १९८५ च्या सुमारास बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जुना फ्लॅट घेतला आहे. दिवाळीनंतर नूतनीकरण सुरू होईल आणि गुढीपाडव्याला राहायला जाण्याचा विचार आहे. जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स, भिंतींना पीओपी आणि सगळे वायरिंग नव्याने होणार आहे. लहान बेडरूममध्ये कॉलम आणि भिंत यांच्यामध्ये कपाटासाठी ६ फूट १ इंच रुंदीची जागा आहे. तिच्यावर काँक्रीटचा माळा असून त्याची खालची बाजू जमिनीपासून ७ फूट २ इंचांवर येते. ओशिवऱ्याच्या एका दुकानात आम्ही ६ फूट रुंद, ७ फूट उंच आणि २ फूट खोल असे तीन दारांचे शिसवी कपाट आणि जेवणघरासाठी एक साइडबोर्ड (भिंतीलगतचे बुटके कपाट) पसंत करून आगाऊ रक्कम दिली आहे. माल राजस्थानातून बनून येणार आहे. दुकानदार म्हणतात, तीन आठवड्यांत पोहोचवतो, एका खोलीत झाकून ठेवा. कंत्राटदार म्हणतात, तयार फर्निचर मुंबईत टिकत नाही, सगळे माझ्या सुताराकडून करून घ्या. सासूबाईंचे सागवानी कपाट बदल्यात द्यावे का, असाही प्रश्न आहे. कोणाचे ऐकावे? आणि कपाट त्या जागेत बसेल ना?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पैसे त्यात अडकलेले आहेत. आज मोजले तर कपाट त्या जागेत बसेल. काम पूर्ण झाल्यावर मात्र बसणार नाही. आपली जागा ७३ इंच रुंद आहे आणि कपाट ७२ इंच. जुन्या इमारतीतल्या भिंती सरळ करण्यासाठी पीओपीचा थर दोन्ही बाजूंना निदान पाव ते अर्धा इंच चढतो, आणि भिंत मुळात ओळंब्यात, म्हणजे बरोबर उभ्या रेषेत, नसेल तर काही ठिकाणी त्याहूनही जास्त. त्यानंतर खाली टाइलचे स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवायची पट्टी, लागते, ते चिकटवण्याच्या मसाल्यासह प्रत्येक बाजूला आणखी सुमारे अर्धा इंच पुढे येते. दोन्ही बाजूंची बेरीज केली तर आपल्या हातात ७१ ते साडेएकाहत्तर इंच उरतात. उंचीची गोष्टही अशीच आहे. जुन्या फरशीवर नवी टाइल बसली की जमीन पाऊण ते एक इंच वर येते, माळ्याच्या खालच्या अंगाला पीओपी झाले की तोही थोडा खाली उतरतो, आणि ७ फूट २ इंचांचे जेमतेम ७ फूट १ इंच किंवा त्याहून कमी राहतात. कागदावर कपाट अजूनही मावते, पण तयार शिसवी कपाटांना वरच्या बाजूला नक्षीचा जो पुढे आलेला काठ असतो, तो दुकानदाराने सांगितलेल्या मापात धरला आहे की नाही, हे आपण विचारलेले दिसत नाही. पुष्कळदा दुकानात सांगितलेले माप मूळ खोक्याचे असते आणि काठ दोन्ही बाजूंना एकेक इंच बाहेर असतो.

म्हणून हे वाचून झाल्यावर पहिले काम म्हणजे दुकानदारांना फोन करणे. माल अजून बनायचा असेल, तर माप बदलून घेणे अवघड नाही, कारण अशी कपाटे बहुधा मागणीनुसारच बनतात. ५ फूट ९ इंच रुंद आणि ६ फूट ९ इंच उंच असे कपाट मागा, आणि हे माप काठासकट, सर्वांत बाहेरच्या टोकापासून सर्वांत बाहेरच्या टोकापर्यंतचे आहे, असे पावतीवर लिहून घ्या. बाजूला जी थोडी फट राहील ती तशीच राहू दिली तरी बिघडत नाही. डोळ्यांना खुपत असेल तर त्याच रंगाची एक अरुंद पट्टी लावता येईल, मात्र ती भिंतीला ठोकावी, कपाटाला नव्हे, म्हणजे उद्या कपाट हलवताना काही उचकटावे लागणार नाही. कपाट आधीच बनून तयार असेल आणि दुकानदार बदलून देत नसतील, तर आपल्यापुढे दुसरा मार्ग आहे. त्या जागेच्या तिन्ही आतील भिंतींवर स्कर्टिंग लावायचे नाही आणि बाजूच्या दोन भिंतींवर पीओपीही करायचे नाही, फक्त प्लास्टर नीट करून रंग द्यायचा, असे कंत्राटदारांना आत्ताच लेखी सांगा. कपाटाच्या मागे आणि बाजूला स्कर्टिंग असण्याचा उपयोग तसाही कोणाला होत नाही. एवढे केल्यावर प्रत्येक बाजूला अर्धा इंच मोकळा राहतो आणि काम निभावते, पण ते भिंत वरपासून खालपर्यंत सरळ असेल तरच. त्यासाठी जागेची रुंदी जमिनीलगत, मध्यभागी आणि माळ्याखाली अशी तीन ठिकाणी मोजा, पुढच्या कडेलाही आणि मागच्या भिंतीलगतही, आणि यांतले सर्वांत लहान माप खरे माना.

एका सूचनेला मात्र कृपया बळी पडू नका. अर्धा इंच कमी पडतो म्हटल्यावर कोणीतरी हमखास म्हणेल की कॉलम थोडा खरवडून घेऊ. प्लास्टरच्या आतले काँक्रीट हे सळ्यांचे आवरण असते. ते पातळ झाले की आपल्या खाऱ्या, दमट हवेत सळ्या लवकर गंजतात, फुगतात आणि काँक्रीट फोडून बाहेर येतात. कपाटासाठी कॉलमला हात लावण्याची परवानगी कोणतीही सोसायटी देणार नाही आणि देऊही नये.

आता या सगळ्यामागचा मुद्दा सांगतो. आपण घराचे काम एकीकडे आणि फर्निचरची खरेदी दुसरीकडे अशी दोन स्वतंत्र खाती ठेवली आहेत. तयार फर्निचर घ्यायचे असेल तर ती एकाच कागदावर यायला हवीत. सुतार घरात येऊन काम करतो तेव्हा तो भिंतीप्रमाणे लाकूड कापतो. तयार वस्तू घेतली की लाकूड कापता येत नाही, म्हणून भिंत, फरशी, बटणे आणि स्कर्टिंग यांनाच तिच्याप्रमाणे वळवून घ्यावे लागते. ते करण्याची मुभा आपल्याला दिवाळीपासून साधारण पहिले दोन महिने असेल. त्यामुळे वस्तूंची नेमकी मापे पहिल्या दिवशी हातात असावीत आणि प्रत्यक्ष वस्तू मात्र सर्वांत शेवटी घरात याव्यात.

इलेक्ट्रिशियन भिंतीत झिऱ्या, म्हणजे वायरसाठी खाचा, पाडायला येईल, त्याच्या आदल्या दिवशी खडूने जमिनीवर प्रत्येक वस्तूचा चौकोन आखा. पलंग, कपाट, साइडबोर्ड, जेवणाचे टेबल, सगळे. मग कपाटाचे दार जिथपर्यंत उघडते ती रेषाही आखा. २ फुटांचे दार उघडल्यावर माणसाला उभे राहायला जागा हवी, आणि पलंगाच्या कडेने जायला निदान अडीच फूट हवेत, हे आराखड्यापेक्षा खडूच्या चौकोनात चालून पाहिले की लगेच समजते. साइडबोर्ड साधारण ३० ते ३३ इंच उंच असतो. त्याच्यामागे नेहमीच्या उंचीवर प्लग दिला तर तो कायमचा झाकला जाईल, म्हणून तिथला प्लग ३६ इंचांच्या वर घ्या. पलंगाच्या डोक्याकडची पाठ किती रुंद आणि किती उंच आहे हे कळल्याशिवाय उशाशेजारची बटणे ठरवू नका. गादीचेही माप पलंगाबरोबर विचारा, कारण आपल्याकडे ७२ इंच रुंद गादी ७५ आणि ७८ अशा दोन्ही लांबींत सर्रास मिळते, आणि ३ इंचांची फट रोज रात्री उशी गिळते. एसीचे पाणी वाहून नेणारा पाइप कपाटाच्या वरून जात असेल, तर तो आत्ताच दुसरीकडून वळवून घ्या.

दुकानदारांचा तीन आठवड्यांत माल पोहोचवण्याचा प्रस्ताव नाकारा. त्यांना गोदाम रिकामे करायचे आहे, त्यात गैर काही नाही, पण आपल्या घरात त्या वेळी फरशी, प्लास्टर आणि पीओपी यांचे ओले काम चालू असेल. ओल्या भिंती आठवड्यांमागून आठवडे पाणी सोडत राहतात आणि बंद खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षाही दमट असते. त्यात प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवलेले लाकूड म्हणजे बुरशीला आमंत्रण. शिवाय पीओपी घासताना उडणारी पांढरी धूळ पॉलिशच्या रंध्रांत आणि कोरीव काठात शिरली की ती पुसून निघत नाही. क्रम असा ठेवा : तोडफोड, नळ आणि वायरिंग, प्लास्टर, फरशी, पीओपी, रंगाचे पहिले हात, मग फर्निचर, आणि अखेरीस रंगाचा शेवटचा हात. म्हणजे माल फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चच्या आरंभी यावा. तोवर तो गोदामात ठेवण्याचे भाडे दुकानदारांनी मागितले तर थोडी घासाघीस करून द्या. नव्याने पॉलिश करण्याच्या खर्चापेक्षा ते कमीच पडेल. उरलेली रक्कम माल घरात पोहोचून, उघडून, पाहून झाल्यावरच द्यायची, हेही ठरवून घ्या.

आपले कंत्राटदार म्हणतात त्यात अर्धे सत्य आहे, आणि ते दमटपणाविषयी आहे. राजस्थानच्या कोरड्या हवेत बनलेले भरीव लाकडाचे फर्निचर मुंबईत आले की पहिल्या पावसाळ्यात पाणी शोषून फुगते. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रेषांच्या आडव्या दिशेने मात्र वाढते. साइडबोर्डची ४५ सेंटीमीटर रुंदीची वरची फळी कोरड्या ऋतूपासून भर पावसाळ्यापर्यंत काही मिलिमीटर, कधी अर्ध्या सेंटीमीटरपर्यंतही रुंद होऊ शकते. ती खालच्या सांगाड्याला सर्व बाजूंनी सरसात पक्की चिकटवलेली असेल तर वाढायला वाव मिळत नाही, आणि मग ती वाकते किंवा पुढच्या हिवाळ्यात आकसताना तडकते. चांगला कारागीर फळी लांबट छिद्रांतून स्क्रूने बसवतो आणि दाराच्या चौकटीतली पाटी खाचेत मोकळी ठेवतो. दुकानात गेल्यावर साइडबोर्डच्या खाली वाकून पाहा, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि त्याच्या मागच्या बाजूवर, तळावर हात फिरवा. पुढून आरशासारखे पॉलिश आणि आतून कोरे लाकूड असेल, तर दमटपणा त्या कोऱ्या बाजूने आत जातो आणि फळी एकाच अंगाने फुगून वाकडी होते. मागची, आतली आणि खालची बाजूही निदान एका हाताने पॉलिश करून द्यावी, ही मागणी रास्त आहे. माल बनण्यापूर्वी केली तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. लाकूड शिसवीच आहे असे बिलावर लिहून घ्या, कारण आंब्याच्या लाकडाला गडद रंग देऊन तेच शिसवी म्हणून विकण्याचे प्रकार होतात. आंब्याचे लाकूड वाईट नव्हे, पण त्याची किंमत वेगळी असायला हवी. फिकट रंगाचा, सालीजवळचा भाग जास्त दिसत असेल तर तीही फळी बदलून मागा. कीड प्रथम तिथेच लागते, आणि बारीक छिद्रांखाली पिठासारखा भुसा दिसला की उशीर झालेला असतो. पाठीला प्लायवूड असेल तर मात्र तक्रार करू नका, मोठ्या पाठीसाठी ते भरीव लाकडापेक्षा बरे.

पुढच्या जुलैत कपाटाचे एखादे दार अडकेल. त्या वेळी सुताराला बोलावून रंधा मारून घेण्याची घाई करू नका. पावसाळ्यात तासलेले दार जानेवारीत आकसले की तिथे बोटभर फट दिसते आणि ती कायम राहते. ड्रॉवरच्या सरकत्या कडांना मेणबत्ती घासावी, दार थोडे सैल होईपर्यंत दोन महिने सोसावे, आणि एकदोन पावसाळे गेल्यावरही ते अडत असेल तरच हलका रंधा मारून त्या उघड्या कडेला लगेच पॉलिश द्यावे. कपाट मागच्या भिंतीला टेकवू नये. निदान एक इंच हवा खेळू द्यावी. ती भिंत इमारतीची बाहेरची असेल किंवा तिच्या पलीकडे बाथरूम असेल, तर दीड-दोन इंच सोडा. या वर्षी पावसात तिथे ओल आली होती का, हे जुन्या मालकांपेक्षा वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारलेले बरे.

फरशी पुसण्याचाही विचार करायला हवा. आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते आणि ते पाणी कपाटाच्या तळाशी जाऊन थांबते. भरीव लाकूड ते काही काळ सोसते. भुशाच्या दाबून बनवलेल्या पाट्यांचे फर्निचर, म्हणजे पार्टिकल बोर्ड, खालच्या कडेने वर्षभरातच फुगू लागते. पायांचा साइडबोर्ड सुरक्षित आहे. कपाट थेट जमिनीवर बसणारे असेल, तर खाली अर्ध्या इंचाचे रबरी किंवा प्लास्टिकचे बूच लावून घ्या, आणि ही अर्ध्या इंचाची उंची वरच्या हिशेबात धरायला विसरू नका.

आता कंत्राटदारांचा उरलेला अर्धा मुद्दा. स्वयंपाकघरात त्यांचेच ऐका. ओट्याची लांबी, सिंकची जागा, गॅसचा पाइप या गोष्टी कोणत्याही तयार कपाटाला जुळत नाहीत. तिथे आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेले मरीन प्लायवूड वापरून सुताराकडूनच काम करून घ्यावे आणि शिक्का प्रत्येक पाटीवर स्वतः पाहावा. कोरड्या खोल्यांत आयएस ३०३ चे बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तग धरणारे, प्लायवूड पुरते. भिंतीपासून भिंतीपर्यंत किंवा माळ्यापर्यंत जाणारे, म्हणजे घराचाच भाग होणारे काम सुताराचे. जे चार पायांवर स्वतंत्र उभे राहते, ते पलंग, टेबल, साइडबोर्ड, सुटे कपाट, खुशाल तयार घ्यावे. घरात महिना-दीड महिना करवतीचा आवाज, भुसा आणि पॉलिशचा वास सोसण्याऐवजी हे नक्कीच सुखाचे, आणि सोसायटीच्या चिटणीसांशी होणारे निम्मे वादही त्याने टळतात.

आणखी एक कारण खास आपल्या इमारतीपुरते आहे. १९८५ च्या इमारतीला तीस वर्षे उलटून गेली आहेत, म्हणजे महापालिकेच्या कायद्यातील कलम ३५३ (ब) नुसार संरचनात्मक तपासणी व्हायला हवी. मुलुंडमध्ये अशा वयाच्या इमारती पुनर्विकासाला निघताना आपण पाहतच असाल. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ (अ) खाली सोसायटीत पुनर्विकासाचा काही ठराव झाला आहे का, हे काम सुरू करण्यापूर्वी विचारा. पाच-सात वर्षांत इमारत पाडली जाणार असेल, तर भिंतीत ठोकलेले प्रत्येक कपाट ढिगाऱ्यात जाईल. सुटे कपाट भाड्याच्या घरातही येईल आणि नव्या घरातही. मी आपल्या जागी असतो तर केवळ एवढ्या कारणासाठी बेडरूमची भिंतभर कपाटे टाळली असती.

वर न्यायचे कसे, हे दुकानदारांवर सोडू नका. त्या काळच्या इमारतींच्या लहान लिफ्टमध्ये ६ फुटी कपाट जात नाही, आणि सोसायट्या बहुधा लिफ्टमधून सामान नेऊ देतही नाहीत. जिन्याच्या वळणावरची जागा, कठड्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर, सेफ्टी डोअरसकट मुख्य दाराची उघडी रुंदी आणि बेडरूमच्या दाराची रुंदी मोजून दुकानदारांना कळवा आणि कपाट सुट्या भागांत येईल, खोलीत जोडून मिळेल, असे ठरवा. तुर्भ्याचे आयकिया २०२० मध्ये सुरू झाल्यापासून सपाट खोक्यांतून आलेले फर्निचर घरी जोडण्याची मुंबईकरांना बरीच सवय झाली आहे. भरीव लाकडाचे कारागीरही आता बोल्ट लावून असे जोड करून देतात. जोडणी कुठे होणार, हेही पाहा. कपाट आडवे ठेवून जोडले आणि मग उभे केले, तर ७ फूट उंच आणि २ फूट खोल कपाटाला उभे राहताना तिरकस ७ फूट साडेतीन इंच लागतात. आपल्या माळ्याखाली तेवढी उंची नाही. म्हणून ते माळ्याच्या बाहेर उभे करून आत सरकवावे लागेल, आणि नव्या टाइल्सवर ओरखडे पडू नयेत म्हणून खाली जुनी सतरंजी घालावी लागेल. जागेवर बसल्यावर वरच्या बाजूने एक लोखंडी पट्टी भिंतीत घट्ट बसवून घ्या. लहान मुले खालचा ड्रॉवर ओढून त्यावर चढतात तेव्हा जड कपाटही पुढे कलते.

सासूबाईंचे सागवानी कपाट देऊ नका. बदल्यात मिळणारी सूट बहुधा नव्या वस्तूच्या किमतीत आधीच मिळवलेली असते. ती वजा न करता नव्या कपाटाची शेवटची किंमत किती, हे एकदा विचारून पाहा, म्हणजे फरक लक्षात येईल. शिवाय ते लाकूड मुंबईचे किती तरी पावसाळे खाऊन स्थिरावलेले आहे, त्यामुळे त्याची दारे आता सहसा अडणार नाहीत. त्याचे जुने पॉलिश उतरवण्याचे काम रंगाच्या शेवटच्या हाताआधी, गॅलरीत किंवा मोकळ्या खोलीत करून घ्या. पॉलिशवाला जाड चकचकीत मेलामाइनचा आग्रह धरेल, कारण ते झटपट होते. त्याऐवजी स्पिरिट आणि चपड्याचे साधे पॉलिश मागा, ते उद्या कुठे पुसट झाले तर तेवढ्याच जागी पुन्हा लावता येते. बिजागऱ्या पितळी असतील तर त्या काढून, घासून परत त्याच लावाव्यात, आणि मागच्या पाठीची पाटी सैल झाली असेल तर तेवढी नव्या ६ मिलिमीटर प्लायवूडची करून घ्यावी.